वैमानिक व्हायचंय, मग पदवी कशाला?

वैमानिक होण्यासाठी घ्यायच्या विद्यापीठीय शिक्षणावर प्रश्न पाठवा, असं गेल्या अंकात लिहिलं होतं. आलेली बरीच पत्रं एकाच ठिकाणी अडलेली आहेत: परवाना फ्लाइंग स्कूलमधूनही मिळतो, मग पदवीत वर्षं का घालायची? म्हणून तेच पत्र पहिलं घेते आणि त्याला जास्त जागा देते. नव्या वाचकांसाठी माझ्याबद्दल थोडं सांगते. मी तेवीस वर्षं प्रवासी विमानं उडवली, त्यातली शेवटची अकरा कॅप्टन म्हणून. आता विद्यापीठात वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना हवामानशास्त्र आणि नॅव्हिगेशन शिकवते.

प्रश्न: मॅडम, मी अठरा वर्षांची आहे. मला एअरलाइनमध्ये पायलट व्हायचंय. माझी मैत्रीण थेट फ्लाइंग स्कूलला गेली. दीड वर्षात तिच्या हातात कमर्शियल लायसन्स असेल. मी पदवीला प्रवेश घेतला तर तीन-चार वर्षं जातील. पदवी लागतेच का?

उत्तर: नियमाने विचारशील तर नाही लागत. १९४४ च्या शिकागो करारातून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना उभी राहिली, तिला सगळे आयकाओ म्हणतात. आज १९३ देश तिचे सदस्य आहेत. त्या कराराच्या पहिल्या परिशिष्टात वैमानिकांच्या परवान्यांचे किमान निकष दिलेले आहेत आणि देशोदेशीचे नियम त्यांवर बेतलेले असतात. कमर्शियल लायसन्ससाठी त्यात वय अठरा पूर्ण, उड्डाणाचे २०० तास (मान्यताप्राप्त कोर्समध्ये केले तर १५०), लेखी विषय, प्रत्यक्ष उड्डाणाची परीक्षा आणि क्लास वन मेडिकल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाची वैद्यकीय तपासणी, एवढं आहे. पदवीचा उल्लेख नाही. काही एअरलाइन्स भरतीत पदवी मागतात किंवा तिला पसंती देतात, पण ती त्यांची अट झाली, परवान्याची नव्हे.

तरीही पदवी कर असं मी तुला सांगणार आहे. त्याचं कारण माझ्या स्वतःच्या आयुष्यात घडलंय.

मी तुझ्या मैत्रिणीसारखीच गेले. एकोणिसाव्या वर्षी कमर्शियल लायसन्स, पदवी नाही. घरच्यांनी सुचवलं होतं, पण मला घाई होती. एकतिसाव्या वर्षी एका सकाळी उठले आणि सगळी खोली गरगर फिरायला लागली. कानाच्या आत शरीराचा तोल सांभाळणारी नस असते, तिला सूज आली होती. चालताना भिंत धरावी लागत होती. माझं मेडिकल त्याच दिवशी स्थगित झालं, आणि मेडिकल नाही म्हणजे परवाना नुसता कागद. असे चौदा महिने गेले. डॉक्टर म्हणत होते, बरी होशील, पण विमान उडवण्याइतकी बरी होशील का याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. त्या काळात मी जमिनीवरच्या कामांसाठी अर्ज केले: उड्डाण सुरक्षा विभाग, प्रशिक्षण विभाग, ऑपरेशन्सचं नियोजन. माझ्याजवळ साडेचार हजार तास होते. बहुतेक ठिकाणी अर्जातला पहिलाच रकाना शैक्षणिक पात्रतेचा, आणि तिथे मला शाळेचं नाव लिहावं लागत होतं. त्या चौदा महिन्यांत मी पदवीला नाव घातलं. पुढे उड्डाण परत सुरू झाल्यावर हॉटेलच्या खोल्यांमधून अभ्यास करून ती पूर्ण केली. अठराव्या वर्षी जे तीन वर्षांत झालं असतं त्याला मला सहा वर्षं लागली.

क्लास वन मेडिकल साधारणपणे बारा महिने चालतं. साठी ओलांडली की एअरलाइनच्या वैमानिकाला ते दर सहा महिन्यांनी करावं लागतं. म्हणजे तुझी नोकरी दर वर्षी एका डॉक्टरच्या टेबलावर नव्याने ठरणार. पदवी मात्र एकदा हातात आली की ती कुणी काढून घेत नाही. तू अठरा वर्षांची आहेस, तुला हे दूरचं वाटेल. मलाही वाटायचं.

दुसरं कारण शिक्षणाचं. अमेरिकेतलं एक उदाहरण मी वर्गात नेहमी देते. १२ फेब्रुवारी २००९ ला बफेलोजवळ कोलगन एअरचं ३४०७ हे विमान पडलं, पन्नास माणसं गेली. वेग कमी झाला होता, स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल सुटत असल्याचा, इशारा म्हणून कंट्रोल कॉलम (विमानाचं नाक वर-खाली करणारा दांडा) हातात थरथरत होता, आणि कॅप्टनने तो पुढे ढकलण्याऐवजी मागे ओढला. त्यानंतर अमेरिकेने नियम बदलला. २०१३ पासून तिथे एअरलाइनमध्ये सहवैमानिक व्हायलाही सर्वसाधारणपणे १५०० तास लागतात. पण मान्यताप्राप्त विद्यापीठातून एव्हिएशनची चार वर्षांची पदवी घेतली असेल, तर ही अट १००० तासांवर येते. पदवीला पाचशे तासांचं मोल देणारा असा स्पष्ट नियम मला दुसरा माहीत नाही. आणि त्या अपघातातल्या दोघांकडेही १५०० पेक्षा जास्त तास होते, हेही विद्यार्थ्यांना सांगते. तास कमी पडले नव्हते. पंखावरून वाहणारी हवा कधी सुटते आणि ती परत धरून ठेवायला नाक खाली का न्यावं लागतं, हे दचकलेल्या क्षणी हाताला आठवलं नाही. ते हाताला आठवायचं असेल तर आधी डोक्यात पक्कं बसलेलं असावं लागतं. चांगल्या पदवीत वायुगतिशास्त्राला पूर्ण सत्र मिळतं, प्रयोगशाळा मिळते. घाईच्या ग्राउंड स्कूलमध्ये, म्हणजे फ्लाइंग स्कूलच्या लेखी विषयांच्या वर्गात, त्याच विषयाची प्रश्नपेढी पाठ करून घेतात. मी स्वतः तशीच पास झाले होते.

आता एक सावधगिरी. प्रवेश घेण्याआधी कोर्सचं नाव नीट वाच. नावात ‘एव्हिएशन’ आहे म्हणून त्यात उड्डाण असतंच असं नाही. काही पदव्या विमानतळ आणि एअरलाइनच्या व्यवस्थापनाच्या असतात, त्या चांगल्या असतात, पण त्यांतून परवाना मिळत नाही. काहींमध्ये उड्डाण अभ्यासक्रमातच गुंफलेलं असतं आणि पदवीबरोबर कमर्शियल लायसन्स, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर न दिसता फक्त उपकरणांवर उडवण्याची परवानगी) आणि दोन इंजिनांच्या विमानाचं रेटिंग हातात येतं. तुला हा दुसरा प्रकार हवा आहे.

तिसरा रस्ताही आहे. आवडत्या विषयात कुठलीही पदवी घ्यायची आणि उड्डाण वेगळं करायचं. २००९ च्या जानेवारीत दोन्ही इंजिनं बंद पडलेलं विमान हडसन नदीवर उतरवून सगळ्या १५५ जणांना वाचवणारे कॅप्टन सलेनबर्गर मानसशास्त्र शिकलेले होते, पुढे पर्ड्यू विद्यापीठात त्यांनी औद्योगिक मानसशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलं. तुला दुसऱ्या एखाद्या विषयाची खरी ओढ असेल तर हा रस्ता कमी प्रतीचा अजिबात नाही. ओढ फक्त विमानाची असेल तर एकत्रित कोर्स कर.

प्रश्न: माझं गणित बरं आहे, उत्तम नाही. पायलटच्या पदवीला किती गणित लागतं? इंजिनिअरिंगसारखं असतं का?

उत्तर: इंजिनिअरिंगइतकं नसतं. विमानाची रचना करणाऱ्याला कलनशास्त्र पाण्यासारखं यावं लागतं, ते उडवणाऱ्याला तितकं नाही. तुला लागेल ते त्रिकोणमिती, सदिश, गुणोत्तर-प्रमाण आणि एककं. पण ते कोऱ्या कागदावर शांत बसून नव्हे, एका हातात विमान असताना, रेडिओवर कुणी बोलत असताना करता आलं पाहिजे.

काही नमुने देते. साठ सागरी मैल गेल्यावर एक मैल बाजूला सरकलास तर चूक एका अंशाची. मग तीस मैलांत दोन मैल सरकला असशील तर किती? चार अंश. हे पाच सेकंदांत आलं पाहिजे. वारा २० नॉट (तासाला २० सागरी मैल), धावपट्टीशी ३० अंशांचा कोन. आडवा वारा १० नॉट, कारण ३० ची साइन अर्धी. तीन अंशांच्या उतारावर यायचंय, जमिनीच्या हिशेबाने वेग १२० नॉट. वेगाला पाचने गुण, मिनिटाला ६०० फूट खाली ये. तीस हजार फूट उंची उतरवायची. हजारांच्या आकड्याला, म्हणजे तीसला, तीनने गुण, सुमारे नव्वद मैल आधी उतरायला लाग. एवढं जमतं का बघ. बहुतेकांना महिनाभराच्या सरावाने जमतं.

एककांच्या बाबतीत मात्र मी वर्गात फार कडक असते. उड्डाणात उंची फुटांत, अंतर सागरी मैलांत, दृश्यमानता मीटरमध्ये, इंधन कधी लिटरमध्ये, कधी किलोत, कधी पौंडात. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाचं बोइंग ७६७ जवळपास ४१,००० फुटांवर असताना त्याचं इंधन संपलं. इंधनमापक बिघडलेला होता, म्हणून टाकीत पट्टी बुडवून हिशेब केला होता. विमानाची मापं मेट्रिक, इंधन लागणार होतं २२,३०० किलो, पण लिटरचं वजन करताना १.७७ हा आकडा वापरला गेला. तो पौंडांचा आकडा. किलोंचा आकडा ०.८ च्या आसपास असतो. सुमारे २०,००० लिटर भरायला हवं होतं, भरलं गेलं सुमारे ५,०००. कॅप्टनला ग्लायडर उडवण्याचा अनुभव होता म्हणून त्यांनी ते प्रचंड विमान इंजिनांशिवाय गिमली इथल्या जुन्या हवाई तळावर आणून टेकवलं आणि सगळे वाचले.

हा हिशेब मी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर सगळ्यांकडून करून घेते. एकट्याने नाही, दोघादोघांनी. एकाने मांडायचा, दुसऱ्याने न बघता आपला मांडायचा, मग दोन उत्तरं जुळवायची. उत्तर चुकलं तर मी रागावत नाही. एकक न लिहिता नुसता आकडा लिहिला तर मात्र वही परत करते.

गणितापेक्षा तुझा जास्त वेळ हवामानशास्त्र खाईल, हे आधीच सांगते. त्यात पाठांतर चालत नाही. प्रमाण वातावरणात समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअस, १०१३.२५ हेक्टोपास्कल, आणि दर हजार फुटांना सुमारे दोन अंश तापमान उतरतं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण उंचावरच्या विमानतळावर, भर दुपारी, तेच विमान, तेवढंच वजन, आणि धावपट्टी संपत आली तरी चाकं उचलत का नाहीत? उंचीने आणि उष्णतेने विरळ झालेल्या हवेत पंखाला उचल कमी मिळते, इंजिनाची ताकद घटते, प्रोपेलरही हवा कमी पकडतो. तिन्ही गोष्टी एकदमच वाईट होतात. हे समजलेला विद्यार्थी पहाटे उडायचं ठरवतो. पाठ केलेला दुपारी निघतो.

प्रश्न: मला चष्मा आहे, दोन्ही डोळ्यांना उणे अडीच. पायलट होता येईल का?

उत्तर: बहुधा होईल. आयकाओच्या निकषानुसार चष्म्यासह प्रत्येक डोळ्याची दृष्टी ६/९ किंवा त्याहून चांगली आणि दोन्ही मिळून ६/६ लागते. उडताना चष्म्याची दुसरी जोडी जवळ ठेवावी लागते. रंग ओळखण्याची तपासणी वेगळी असते आणि खरी अडचण बऱ्याचदा तिथे निघते. स्वतःला ते लक्षातही आलेलं नसतं.

म्हणून फी भरण्याआधी क्लास वन मेडिकल करून घे. प्रवेश झाल्यावर बघू, असं करू नकोस. दुसऱ्या वर्षी, अर्धे तास झाल्यावर हे कळलेली मुलं मी पाहिली आहेत. डॉक्टरपासून काही लपवूही नकोस. जुनी शस्त्रक्रिया, लहानपणीचा दमा, चालू असलेली गोळी, सगळं सांग. सांगितलेल्या गोष्टीवर पुष्कळदा मार्ग निघतो. लपवलेली नंतर उघडी पडली तर परवानाच जातो.

प्रश्न: माझ्या मुलीला या पदवीला घालायचा विचार आहे. कर्ज काढावं लागेल. दोन संस्था पाहिल्या, दोन्हीकडे चकचकीत सिम्युलेटर दाखवला. बाप म्हणून मी नेमकं काय विचारायला हवं?

उत्तर: सिम्युलेटर बघितलात, आता हँगर, म्हणजे विमानांची शेड, बघा. शक्यतो साध्या कामाच्या दिवशी, आगाऊ न कळवता जा.

पहिला प्रश्न: उडायला तयार विमानं किती? मालकीची किती हे विचारू नका, आज सकाळी किती उडाली ते विचारा. मग हिशेब करा. समजा संस्था दरवर्षी ६० नवे विद्यार्थी घेते आणि प्रत्येकाला २०० तास द्यायचेत. म्हणजे वर्षाला १२,००० तास. एक शिकाऊ विमान वर्षाला ६०० तास उडालं असं धरलं, तरी वीस विमानं लागतात. शिवाय त्या विमानांना ठरावीक तासांनी, साधारणपणे पन्नास आणि शंभर तासांनी, तपासणीसाठी थांबावं लागतं. हँगरमध्ये सहा विमानं दिसली आणि त्यातल्या दोघांची इंजिनं उघडी असली, तर माहितीपत्रकातलं ‘तीन वर्षांत पदवी आणि परवाना’ कसं जमणार, हे त्यांनाच विचारा.

याविषयी मी पोटतिडकीने लिहितेय, कारण माझ्या पहिल्या प्रशिक्षण संस्थेत हेच झालं. सगळी फी आधी भरून घेतली. पाच विमानांपैकी दोनच उडत होती, मग एकच राहिलं. मी सात महिने जमिनीवर होते. उड्डाणाचा हात फार लवकर जातो. परत बसले तेव्हा आधी येत असलेली लँडिंग्ज येईनात, तेच धडे पुन्हा करावे लागले आणि त्या तासांचे पैसे वडिलांनी पुन्हा भरले. तेव्हा ते मला काहीच बोलले नाहीत, ते अजून आठवतं.

तेव्हा फी टप्प्याटप्प्याने, उडालेल्या तासांप्रमाणे भरायची सोय आहे का, हे लेखी घ्या. २०० तासांत कोर्स संपला नाही तर वरच्या तासांचा खर्च कोणाचा? लेखी घ्या. मेडिकल गेलं किंवा मुलीला उड्डाण सोडावंसं वाटलं, तर झालेले विषय धरून तिला दुसऱ्या शाखेची पदवी पूर्ण करता येईल का? हा तिसरा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, आणि पालक तो क्वचितच विचारतात. जिथे उत्तर ‘हो’ असेल ते विद्यापीठ खरं विद्यापीठ. मागच्या वर्षी बाहेर पडलेल्या चार-पाच विद्यार्थ्यांशी बोला, संस्थेने निवडून दिलेल्या नव्हे, तुम्ही शोधलेल्या. त्यांना एकच विचारा: पहिल्या तासापासून परवान्यापर्यंत किती महिने लागले?

आणि मुलीला एकटीला विचारा, तिला हे हवंय का. तुमच्यासमोर नाही म्हणायचा संकोच कर्जाच्या कागदावर सही झाल्यावर आणखी वाढतो.

प्रश्न: पदवी झाली, कमर्शियल लायसन्स आहे, २१० तास आहेत. आठ महिने झाले, एअरलाइनकडून काही नाही. इन्स्ट्रक्टर व्हावं का? मित्र म्हणतात, त्याने मागे पडशील.

उत्तर: हो. जमत असेल तर लगेच हो. दोन वर्षं लहान विमानात उजव्या सीटवर बसून मी जे शिकले ते त्याआधीच्या कुठल्याच तासांनी शिकवलं नव्हतं. विद्यार्थी चूक करतो तेव्हा ती किती पुढे जाऊ द्यायची आणि कुठल्या क्षणी हात घालायचा, हा निर्णय तुम्ही दिवसातून वीस वेळा घेता. पुढे कॅप्टन झाल्यावर शेजारच्या सहवैमानिकाबाबत नेमकं हेच करायचं असतं. शिवाय तास वाढतात, हात चालू राहतो. आठ महिने न उडालेला वैमानिक मुलाखतीच्या सिम्युलेटरमध्ये पहिल्या पाच मिनिटांत ओळखू येतो.

इन्स्ट्रुमेंट रेटिंगची मुदत तपासा. ती संपली असेल तर आधी तिचं नूतनीकरण.

प्रश्न: मी सदतीस वर्षांचा आहे, नोकरी करतो. आता ही पदवी घेणं वेडेपणा ठरेल का?

उत्तर: आंतरराष्ट्रीय व्यावसायिक उड्डाणात दोन वैमानिकांच्या विमानाला वयाची मर्यादा ६५ आहे. शिक्षण आणि पहिली नोकरी धरून तुमच्या हातात वीसेक वर्षं उरतील. वेडेपणा नाही. पण तुमच्याकडे एक पदवी आधीच असेल तर दुसरीची गरज नाही. मेडिकल करा आणि थेट परवान्याच्या प्रशिक्षणाला जा. नोकरी मात्र पहिलं सोलो, म्हणजे एकट्याने केलेलं पहिलं उड्डाण, होईपर्यंत सोडू नका.

प्रश्न: मॅडम, मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्या बॅचमधली सगळी मुलं सोलो गेली, काही तर चौदा तासांत. माझे सव्वीस तास झाले तरी इन्स्ट्रक्टर सोडत नाहीत. लँडिंगला शेवटच्या क्षणी काहीतरी बिघडतं. कधी उंचावरच विमान सपाट करतो, कधी आपटतो. लेखी परीक्षेत मी वर्गात पहिला आहे, पण आता हॉस्टेलच्या जेवणाला जायचीही लाज वाटते. सोडून द्यावं असं वाटतंय.

उत्तर: तुझं पत्र मी तीनदा वाचलं. आधी हे ऐक: अमुक तासांत सोलो गेलंच पाहिजे असा नियम नाही. माझं सोलो २१ तास ४० मिनिटांनी झालं, आणि माझ्याबरोबरचा जो मुलगा सगळ्यांत शेवटी, तिशी ओलांडल्यावर गेला, तो पुढे माझ्याआधी कॅप्टन झाला. तुझे इन्स्ट्रक्टर तुला सोडत नाहीत, कारण एकटा असताना तुला काही होऊ नये अशी त्यांची जबाबदारी आहे. ते तुला नापास करत नाहीयेत.

आता लँडिंग. तू लिहिलंस ‘कधी उंचावर, कधी आपटतो’. चूक नेहमी एकाच बाजूची असती तर ती हाताची असती. दोन्ही बाजूंची असेल तर मला डोळ्यांचा संशय येतो. एक गोष्ट तपास: तू प्रत्येक उड्डाणाला सीट त्याच उंचीवर लावतोस का? माझं हेच झालं होतं. वेगवेगळी विमानं, कुणाची सीट खाली, कुणाची पुढे. दोन-तीन इंचांनी डोळे खाली गेले की धावपट्टी वेगळीच दिसते, आणि मेंदू कालच्या चित्रावरून आजची उंची ठरवतो. मी एकच उशी ठेवली, प्रत्येक विमानात काचेच्या खालच्या कडेपासून विमानाच्या नाकापर्यंत चार बोटं दिसतील अशी सीट लावायला लागले, आणि तीन दिवसांत फरक पडला.

दुसरं, शेवटच्या क्षणी तू कुठे बघतोस? नाकासमोरच्या डांबराकडे बघत असशील तर जमीन अंगावर धावून येते आणि हात घाबरून ओढतो. सपाट करायला लागलास की नजर धावपट्टीच्या टोकाला ने. तिथे क्षितिज असतं, आणि विमान किती खाली बसतंय ते डोळ्यांच्या कडांना कळतं. त्या कडांवर विश्वास ठेवायचा. हे सांगून समजत नाही, करून समजतं. म्हणून इन्स्ट्रक्टरना एक विनंती कर: पुढच्या उड्डाणात लँडिंग करायचंच नाही. धावपट्टीवरून पाच-दहा फुटांवर, पॉवर ठेवून, टोकापर्यंत सरळ जायचं आणि परत वर. असं पाच-सहा वेळा. टेकायची घाई नसली की डोळ्यांना ते चित्र शांतपणे बघायला मिळतं. त्यांनी परवानगी दिली तरच, आणि ते शेजारी असतानाच.

खोलीवर खुर्चीत बसून पूर्ण सर्किट, म्हणजे उड्डाणापासून लँडिंगपर्यंतची धावपट्टीभोवतीची फेरी, तोंडाने म्हण. उड्डाण, वळण, वाऱ्याच्या दिशेने, तपासण्या, पॉवर कमी, फ्लॅप, वळण, अंतिम टप्पा, वेग, वेग, नजर टोकाला. रोज दहा वेळा. सरावाचा हा भाग फुकट आहे आणि तो तुला नक्की जमेल, कारण लेखीत पहिला येणारा मुलगा क्रम विसरत नाही.

लेखीत पहिला आहेस हे तू असं लिहिलंस जणू त्याला किंमत नाही. युरोपच्या पद्धतीत एअरलाइन परवान्याचे तेरा लेखी विषय असतात, प्रत्येकाला ७५ टक्के लागतात आणि सगळे अठरा महिन्यांत संपवावे लागतात. तिथे उत्तम लँडिंग करणारी मुलं अडकून पडलेली मी पाहिली आहेत. तुझा डोंगर वेगळ्या जागी आलाय, इतकंच.

एक विचारते, रागावू नकोस. झोप किती होते? परीक्षेच्या आठवड्यात पहाटेचं उड्डाण घेतोस का? थकलेल्या डोळ्यांना जमीन किती खाली आहे ते कळत नाही. पंधरा दिवस रात्री साडेनऊला वही मिटून बघ. इन्स्ट्रक्टर बदलून एक उड्डाण मागणंही अपमानाचं नसतं. चांगले इन्स्ट्रक्टर ते स्वतःहून सुचवतात. दुसऱ्या डोळ्यांना कधी कधी एका फेरीतच दिसतं.

आणि आज रात्री हॉस्टेलच्या जेवणाला जा. सोलो जाऊन आलेल्या मुलांना विचार, त्यांना शेवटच्या दहा फुटांत काय दिसतं. दोन-तीन जण तरी नीट सांगतील. सीटची खूण ठरवून पाच उड्डाणं झाली की मला पुन्हा लिही. प्रत्येक लँडिंगपुढे फक्त ‘वर’ की ‘आपटलं’ एवढं नोंदवून ती वही बरोबर पाठव. मी बघते.